तीन घड्यांच्या छत्रीबाईंना खुले पत्र

रत्नागिरी,
पुष्य नक्षत्र, म्हणजे म्हाताऱ्या पावसाचे दिवस

श्रीमती तीनघडी छत्रीबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहावं लागतंय, कारण आपण स्वतःच आता बंद होईनाशा झाल्या आहात. पडवीच्या कोपऱ्यात आपण अर्ध्या उघड्या, अर्ध्या मिटलेल्या, तीन काड्या आढ्याकडे आणि एक थेट शेजाऱ्यांच्या दारावर रोखून उभ्या आहात. दांड्याची मधली नळी आत जात नाही, वरची बाहेर येत नाही. घरचं मांजर आपल्याला वळसा घालून जातं. अशा अवस्थेतल्या व्यक्तीला जाब विचारणं सभ्यपणाला धरून नाही, हे मान्य. पण आपण ज्या थाटात या घरात आलात तो थाट आठवला की सभ्यपणा आवरता येतो, जाब आवरत नाही.

मे महिन्याचा शेवट होता. आगोटीची खरेदी चालली होती. मीठ, कांदे, तांदूळ, सुकी मासळी आणि त्यांच्या जोडीला आपण. आपल्या खोक्यावर लिहिलं होतं : वजन फक्त १९० ग्रॅम, मिटल्यावर लांबी जेमतेम वीतभर, ‘ट्रेकिंगसाठी खास’ आणि ‘विंडप्रूफ!’ शेवटच्या शब्दापुढचं उद्गारचिन्ह आपलंच. त्या दिवशीच्या सगळ्या पिशव्यांमध्ये एवढा दावा दुसऱ्या कुणी केला नव्हता. सुक्या बांगड्याच्या तोंडून स्वतःबद्दल असं काही कधी ऐकलेलं नाही, आणि तो चार महिने टिकतो.

दुकानात आपली परीक्षाही झाली. विक्रेत्याने आपल्याला उघडलं, गोल फिरवलं आणि छताच्या पंख्याखाली धरलं. पंखा तीनवर होता. आपण जराही डगमगल्या नाहीत. मग त्याने आपल्याला तळहातावर ठेवून वर-खाली केलं, म्हणजे हलकेपणाही सिद्ध झाला. कोकणात पावसाळ्यात डोंगर चढायला निघणाऱ्या माणसाची छत्री पारखण्याची ही रीत आता सर्वमान्य झाली आहे. तिच्यात पाऊस आणि वारा या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या तर काही तपासायचं राहत नाही.

आता थोडं आमच्या वाऱ्याबद्दल. आपली त्याची ओळख करून न देता आपल्याला बाहेर नेलं, अशी तक्रार आपण कराल, म्हणून सांगतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं. म्हणजे आमच्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर उत्तरेला. तेवढ्या लांबून त्याने नुसती बाही झटकली, तर ‘बसरा स्टार’ नावाचं अख्खं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन बसलं. ते पुढे वर्षानुवर्षं तिथेच होतं, लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. जहाजाच्या कुठल्याही कागदावर ‘विंडप्रूफ’ लिहिलेलं नसावं. आपल्या खोक्यावर होतं.

ते वादळ होतं, रोज थोडंच येतं, असं आपण म्हणाल. बरोबर. रोजचा हिशेब करू. आपला व्यास ९५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पोटात पाऊण चौरस मीटरच्या थोडी आत एवढी जागा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे शाळेतलं गणित. ताशी २० किलोमीटरचा वारा आपल्यात समोरून भरला तर हाताला दीडेक किलोचा ओढा लागतो, तो सहज सोसतो. तोच वारा ताशी ४० चा झाला की पाच-सहा किलो. आषाढात रत्नदुर्गाच्या दीपगृहाच्या अंगाला उभं राहिलं तर असे झोत मोजावे लागत नाहीत, ते आपणच येऊन भेटतात. पाच-सहा किलोंचा धक्का, तो पेलायला १९० ग्रॅम, आणि त्या १९० पैकी मूठ, कापड आणि मनगटाची पट्टी वजा जाता काड्यांच्या वाट्याला काय उरतं ते आपणच सांगा.

दुसरा हिशेब याहून अवघड आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने खाली येतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्याला सेकंदाला अकरा मीटर आडवा ढकलतो. म्हणजे पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. आम्ही त्याला वावझड म्हणतो. वावझडीत छत्री डोक्यावर धरणं ही एक धार्मिक क्रिया आहे, तिचा कोरडं राहण्याशी संबंध नाही. छत्री वाऱ्याच्या तोंडावर, ढालीगत पुढे झुकवून धरावी लागते, आणि तेव्हा दांडा पुरेसा लांब व घुमट पुरेसा खोल लागतो. आपला घुमट किती खोल? घरातली पुरणपोळीही त्याहून फुगते. आपण सपाट आहात, कारण सपाट असलं की कापड कमी लागतं, कापड कमी लागलं की ग्रॅम वाचतात, आणि ग्रॅम वाचले की खोक्यावर आकडा छापता येतो. डोकं कोरडं राहतं हे खरं. गुडघ्यापासून खाली आणि खांद्यापासून बाहेर माणूस ज्याचा त्याने बघून घ्यायचा.

हलकेपणाचं मला वावडं आहे असं समजू नका. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याला ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो, आणि छत्री हलकी करता येते हेही खरं. १८५२ साली इंग्लंडात सॅम्युअल फॉक्स या तारेच्या कारखानदाराने छत्रीसाठी पोलादाच्या पन्हळीच्या काड्या काढल्या. तोवर काड्या वेताच्या नाहीतर देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांच्या असत, जाडजूड आणि जड. फॉक्सने पातळ पोलाद घेतलं आणि ते नुसतं इंग्रजी यू आकारात वाकवलं. ताकद आकारातून आली, वजन गेलं. याला म्हणतात हलकं करणं. आपल्या बाबतीत हलकं करणं म्हणजे ती पन्हळ पत्र्याच्या चिमटीएवढी केली आणि वर रंग दिला.

आणि इथेच आपला मूळ खोटेपणा आहे, बाई. ‘हलकी’ आणि ‘आटोपशीर’ ही दोन विशेषणं आपण अशा ऐटीत जोडीने मिरवता, जणू त्या सख्ख्या बहिणी आहेत. त्या सवती आहेत. लांब छत्रीची काडी एका तुकड्याची. आपल्याला वीतभर व्हायचं असतं, म्हणून आपली प्रत्येक काडी दोन ठिकाणी दुमडते. काड्या आठ, म्हणजे सोळा दुमडी. प्रत्येक दुमडीला रिवेट, जोडपट्टी आणि छोटी तार. त्यात दांडा एकीत एक सरकणाऱ्या नळ्यांचा, प्रत्येक नळीच्या जोडात थोडी खिळखिळ. हे सगळे सांधे म्हणजे वजन. मग एकूण वजन वाढू द्यायचं नसेल तर काय करायचं? धातू पातळ करायचा. म्हणजे जितकी आखूड तितके सांधे जास्त, आणि जितके सांधे जास्त तितकी प्रत्येक तुकड्यात ताकद कमी. आपण हलक्याही आहात आणि आटोपशीरही आहात, फक्त छत्री राहिलेल्या नाहीत. आपली रचना सॅकच्या खिशात राहण्यासाठी झाली आहे. उघडणं हा आपल्या आयुष्यातला अपवादाचा प्रसंग.

आपल्या खटक्याच्या बहिणींबद्दल इथे बोलत नाही. बटण दाबलं की आपोआप उघडणाऱ्या आणि आपोआप मिटणाऱ्या त्या, वजनाने आपल्यापेक्षा जड, कारण पोटात स्प्रिंग. भरलेल्या एसटीत त्यांच्यापैकी एकीने खटका सोडला तेव्हा पुढच्या सीटवरच्या काकांची टोपी कंडक्टरच्या हातात गेली. हा त्यांचा एकमेव पराक्रम, पण तो निदान दिसला तरी.

आपल्या कुळाचा इतिहासही काढून पाहिला. म्हटलं, दोष रक्तात आहे का. तसं दिसत नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हान्स हाउप्ट नावाच्या गृहस्थांनी नळ्यांच्या दांड्याची, खिशात मावणारी छत्री शोधली. युद्धातल्या जखमेमुळे ते काठी घेऊन चालत. एका हातात काठी असताना दुसऱ्या हातात लांब छत्री वागवणं जड जाई, म्हणून ही खटपट. शहाण्या माणसाने, शहरात चालण्यासाठी, स्वतःच्या अडचणीवर शोधलेली शहाणी वस्तू. बर्लिनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजारांच्या वर पडतो, आणि बर्लिनच्या वर्षभराचा पाऊस एकट्या जुलैत उरकून वर थोडा शिल्लक राहतो. हाउप्टसाहेबांनी आपल्याला आमच्याकडच्या उक्षी गावच्या कातळाच्या सड्यावर न्या असं कुठेही सांगितलेलं नाही.

डोंगरात छत्री न्यायची टूम पुढे अमेरिकेतून फिरून आली. रे जार्डिन या लांब पल्ल्याच्या पदयात्रिकाने १९९० च्या दशकात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालणाऱ्यांना छत्री घ्या म्हणून सांगायला सुरुवात केली. लोक आधी हसले, मग घेऊ लागले. पण त्या वाटेचा दक्षिणेकडचा भाग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जातो आणि तिथला उन्हाळा कोरडा. तिथे छत्रीचं मोठं काम सावली धरण्याचं. म्हणून त्या छत्र्यांना वरून चंदेरी मुलामा असतो. तो मुलामा आपल्यालाही आहे. आषाढातल्या रत्नागिरीत ऊन परतवून लावण्याची आपली तयारी पाहून ऊर भरून आला.

आता प्रत्यक्ष गुन्ह्याकडे येऊ.

जुलैतला सडा आपण पाहिलात, म्हणजे उलटण्यापूर्वी जेवढा दिसला तेवढा. मैलभर जांभा, त्यावर पोटरीएवढं गवत, खळग्यांत साचलेलं पाणी. पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, गेंदाची पांढरी बटणं. पावसाच्या सुरुवातीला इथे दीपकाडी फुलते. पांढरी, उंच दांड्याची, मुख्यतः याच जिल्ह्यातल्या सड्यांवर सापडणारी. या जांभ्यातच माणसाने इतिहासाच्या आधी कधीतरी चित्रं कोरून ठेवली. उक्षीला तर अख्खा हत्ती आहे. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसात रेषांमध्ये पाणी भरतं आणि हत्ती उन्हाळ्यापेक्षा ठसठशीत दिसतो. आमचा बेत एवढाच : तो बघायचा, सड्यावरून चालत जायचं आणि पलीकडच्या घाटीने गावात उतरायचं. झाड नाही, भिंत नाही, आडोसा म्हणायला दूरवर एक गडगा. समुद्रावरून निघालेला वारा मधे कुठे थांबला असेल असं त्याच्या वागण्यावरून वाटत नव्हतं.

आपण उघडलात. पहिली सर आपण झेलली, नोंद आहे. दुसऱ्या सरीला आपण थरथरलात, तेही समजण्यासारखं. तिसरी सर नव्हतीच, नुसता वारा होता, आणि त्या कोरड्या वाऱ्यात आपण फटकन उलट्या झालात. ज्या क्षणी आपल्याला काही काम नव्हतं, नेमक्या त्या क्षणी. उलटणं हा छत्रीचा गुन्हा नाही. लांब छत्रीही उलटते. तोंड वाऱ्याकडे केलं की तोच वारा तिला सरळ करतो आणि माणूस पुढे चालतो. आपल्यालाही तसंच वाऱ्याकडे धरलं. आपण सरळ झालात, पण पाच काड्यांनी. उरलेल्या तिघी दुमडीच्या जोडातून वेगळ्या झाल्या होत्या, आणि त्यातल्या एकीने जाता जाता कापडाला भोक पाडलं. मग दांड्याची मधली नळी वाकली. अॅल्युमिनियम ते, एकदा वाकलं की तसंच राहतं. मिटवायला गेलो तर मिटेना, उघडायला गेलो तर उघडेना. त्यानंतरचे दोन तास मी आपल्याला वाहून नेलं. खोक्यावर लिहिलेलं वजन तेवढं खरं निघालं.

वाटेत गुरांमागे एक आजोबा भेटले. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली, गुडघ्यापर्यंत आलेली. किंमत शून्य, सांधे शून्य. त्यांनी आपल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वाऱ्याला पाठ द्यायची, छाती नाय," एवढं म्हणाले आणि गुरं हाकत गेले.

या एका वाक्यात कोकणातल्या साऱ्या पावसाळी पेहरावाचं शास्त्र आहे. इरलं बघा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मधे पानांचे थर, अलीकडे वर प्लास्टिक. डोक्यापासून पाठीवरून कमरेखाली जाणारं. लावणी करणारी बाई वाकलेली असते, म्हणून इरलं तिच्या पाठीला छप्पर होतं. दोन्ही हात मोकळे, चिखलात. वारा मागून आला तर इरलं अंगाला अधिकच चिकटतं, उलटायला त्याला आतली बाजूच नाही. हे ज्याने प्रथम विणलं त्याला ‘विंडप्रूफ’ लिहायला खोकं मिळालं नाही, एवढंच. वजनाला ते आपल्याहून जड, पण ते वजन पाठीवर बसतं, मनगटाला लोंबत नाही. आता इरली विणणारे हात कमी झाले आहेत, आणि सड्यावर इरलं घालून ट्रेकला जा असा माझा आग्रह नाही. पण सॅकवरून पाठीपर्यंत उतरणारा पोंचो बघितला की वाटतं, कुणीतरी खूप पैसे घेऊन आमचं इरलं आम्हाला परत विकतंय.

रेनकोटच घाला की, असंही सुचवणारे असतात. त्यांनी जुलैत एकदा रेनकोट घालून मार्लेश्वरच्या पायऱ्या चढाव्यात. हवा कोमट, दमटपणा इतका की कपडे दोरीवर आठवडा वाळत नाहीत. त्यात बंद रेनकोटमध्ये माणूस चढला की वर पोहोचेपर्यंत बाहेरून पावसाने नाही तरी आतून घामाने भिजतो. म्हणून तर छत्री हवी. चहूबाजूंनी वारा लागतो, चष्मा कोरडा राहतो, वही काढून दोन ओळी लिहिता येतात, धबधब्याचा फोटो घेता येतो. कोकणातल्या चालण्याला छत्रीइतकं योग्य दुसरं काही नाही, हे मी आपल्यासमोर कबूल करतो. म्हणूनच राग आहे. छत्री निकामी असती तर आपल्यावर एवढी शाई कोण खर्च करता?

आपल्याला घेऊन छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो होतो, ते आपल्याला आठवत असेल. बाजारातल्या बोळाच्या तोंडाशी तो दर पावसाळ्यात बसतो. समोर गोणपाट, त्यावर काड्यांचा ढीग, तारेची गुंडाळी, दोन पकडी. त्याने आपल्याला हातात घेतलं नाही, लांबूनच बघितलं. "हिची काडी मिळत नाही," म्हणाला. "कापड सोडून देऊ काय? पिशवी होईल." शेजारी कुणाची तरी लांब काळी छत्री होती. तिची एक काडी बदललेली, दुसरीला तारेचा वेढा, मूठ कधीतरी दुसऱ्या छत्रीची बसवलेली, आणि कापडावर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव. जूनमध्ये शाळा सुरू होताना छत्र्यांवर अशी नावं घालून घेण्याची मोठी पद्धत होती. आपल्यावर कुणी नाव घालत नाही. नाव घालावं इतका घरोबा होण्याआधीच आपण निघालेल्या असता.

ती लांब छत्री अर्ध्या किलोची असेल. पण ते वजन कुणी सॅकमध्ये भरत नाही. शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना ती काठी असते. ओढ्यात पाय टाकण्याआधी पाण्याची खोली बघते. भुंकत आलेला कुत्रा आणि मालक यांच्यात अंतर ठेवते. शेवग्याची फांदी वाकवते. हात मोकळे हवे असले की मागे कॉलरला अडकते. पाऊस आला तर उघडते सुद्धा. आपल्या १९० ग्रॅमांना उघडण्याखेरीज दुसरं काम नव्हतं, आणि तेही आपण तासभरच केलंत.

आमच्या गावाने छत्र्यांचा मोठा धनीही पाहिलेला आहे, हे जाता जाता सांगतो. ब्रह्मदेशात पांढरी छत्री हे राजेपणाचं चिन्ह. तो मान मिरवणारा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवला. १९१० मध्ये टेकडीवर त्याच्यासाठी राजवाडा पुरा झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. जगातल्या एवढ्या जागा सोडून पांढऱ्या छत्रीच्या राजाला इंग्रजांनी तीन हजार मिलिमीटर पावसाचं गाव निवडून दिलं, यात सूड होता की नुसती कचेरीतली सोय, देव जाणे. पण राजछत्राची एक गोष्ट ध्यानात घ्या. ते सरळ, अखंड दांड्याचं असतं, आणि ते धरायला वेगळा माणूस असतो. तीन घड्या करून खिशात घालायचं राजछत्र कुणी ऐकलंय?

असो. आपली जागा रिकामी झाली आहे आणि ती भरायची आहे. पात्रता आपल्याच डोळ्यांसमोर ठरलेली बरी. दांडा एकच, सरळ, न सरकणारा. लांबी साठ-पासष्ट सेंटिमीटर झाली तरी हरकत नाही, सॅकच्या बाजूच्या पट्ट्यात ती उभी राहते आणि कुणाच्या पोटात दुखत नाही. अशा छत्र्या दोनशे ग्रॅमच्या आसपासच्या मिळतात. म्हणजे आपल्यापेक्षा दहावीस ग्रॅम जास्त, अर्ध्या लिंबाएवढं वजन. आटोपशीरपणाचा हट्ट सोडला की हलकेपणा प्रामाणिकपणे मिळतो, हे आपल्या खोक्यावर कुठेच नव्हतं. काड्या फायबरग्लासच्या. त्या वाकतात आणि परत येतात, आणि आमच्या खाऱ्या हवेत गंजतही नाहीत. पोलादाच्या काडीचा रिवेट इथे दुसऱ्या पावसाळ्यात कापडावर तांबडा डाग सोडतो. कार्बनच्या काड्या आणखी हलक्या, पण त्या ताठ, आणि मोडायच्या झाल्या की वाकून सूचना देत नाहीत. खटका नको. घुमट खोल हवा. वरती दुहेरी कापडाची झडप असली तर वारा तिच्यातून निसटतो. तीस-चाळीस ग्रॅम वाढतात, सड्यावर ते वसूल होतात, रानातल्या वाटेला झडप नसली तरी चालतं. मूठ अशी, की सॅकच्या छातीपट्ट्यात खोचून हात मोकळे करता येतील. रंग कुठलाही, पण धुक्यात मागच्याला दिसेल असा.

या सगळ्या गुणांची मिळाली तरी तिला घरी ठेवून जाण्याच्या जागा आहेतच. प्रचितगडाच्या शिड्यांवर दोन्ही हात लोखंडाला लागतात, तिथे छत्री उघडणाऱ्याला मागच्यांनी खाली पाठवावं. रसाळ-सुमार-महिपत हे किल्ले करताना सोंडेवर वारा खालून वर येतो, तिथे पोंचोच बरा. आणि मिरगाच्या सुमाराला किंवा परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की उघड्या सड्यावर छत्री, लांब की आखूड, हलकी की जड, हा प्रश्न उरत नाही. ती मिटायची, आणि सडा सोडून खाली उतरायचं.

आपल्याला शिक्षा काय द्यावी, यावर घरात बोलणं झालं. टाकून द्या, असं एकाचं मत पडलं. पण आपल्याला दोषी धरताना आपल्या बहिणीकडेही बघावं लागतं. ती दुकानात काम करणाऱ्या शेजारच्या मुलीकडे आहे. रोज स्टँडवरून राम आळीत जाते, दोन्ही बाजूंना दुकानांच्या वळचणी, वारा अडलेला, पाऊस सरळ खाली. तिथे ती तिसरा पावसाळा काढते आहे, दिवसभर पर्समध्ये मुकाट पडून राहते. कुणाचीही तक्रार नाही. हाउप्टसाहेबांना तिचं कौतुक वाटलं असतं. तेव्हा आपल्या खोक्यावरचे ‘ट्रेकिंगसाठी खास’ हे शब्द खोडून तिथे ‘राम आळीसाठी खास’ असं छापावं, अशी विनंती आपल्या निर्मात्यांना स्वतंत्र पत्राने करत आहे.

आपलं कापड दुरुस्तीवाल्याकडे जाईल. त्याची पिशवी होईल, तिच्यातून भाजी येईल. वजन मोजायला भाजीवाल्याचा काटा आहेच.

कळावे. लोभ आपण ठेवला नाहीत तरी चालेल.

आपला,
एक भिजलेला रत्नागिरीकर

ता. क. – आपलं कव्हर शाबूत आहे. शिवण पक्की, कापड जाड, पाणी आत येत नाही. आपल्या निर्मात्यांनी ज्या हाताने ते शिवलं त्या हाताला काड्यांच्या खात्यात बदली द्यावी. सध्या त्यात मी बॅटरी ठेवतो. लाइट गेल्यावर अंधारात चाचपडताना पटकन सापडते, आणि लाइट रोज जातेच.